कॅमेऱ्याचे भिंग अडकते तेव्हा

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल चोर्ला घाटाने गोव्याला गेली. सगळ्यांच्या हातांत मोबाइल होते. माझ्या हातात मात्र मावशीचा जुना डिजिटल कॅमेरा होता. काकांनी तो २००९ साली घेतला होता. काकांना जाऊन आता सहा वर्षे झाली. तेव्हापासून कॅमेरा मावशीच्या कपाटात होता. "ने, पण वाळूबिळूत पाडू नको बघ," एवढेच ती म्हणाली.

मी तो वाळूत पाडला नाही. कळंगुटच्या किनाऱ्यावर वारा सुटला होता, तेवढ्यात दहाबारा फोटो काढले, बटण दाबून कॅमेरा बंद केला आणि पिशवीत टाकला. संध्याकाळी पणजीत परत चालू केला, तर भिंग अर्धे बाहेर आले, 'टर्र' असा आवाज झाला, दोनतीनदा 'टिक् टिक्' झाले आणि पडद्यावर भिंगात बिघाड असल्याची इंग्रजी सूचना उमटली. मग कॅमेरा आपोआप बंद पडला. भिंग मात्र तसेच बाहेर, जीभ काढून दाखवल्यासारखे! पुन्हा बटण दाबले, पुन्हा तेच. बसमध्ये बेळगावपर्यंत मी ते बटण किती वेळा दाबले असेल, सांगता येत नाही. ही माझी पहिली चूक. ती का चूक, ते पुढे येईलच.

बेळगावात एका दुकानी दाखवला. दुकानदाराने हातातही न घेता सांगून टाकले, "हे आता सोड बघ. पार्ट मिळत नाहीत ह्याचे. मोबाइल आहे की तुझ्याकडे!" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. २०१० साली जगभरात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. पुढे मोबाइलमधला कॅमेरा सुधारत गेला आणि खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांचा धंदा बसला. जुन्या नमुन्यांचे सुटे भाग होणे बंद झाले. पण अलीकडे आमच्या वयाच्या मुलामुलींनी घरोघरच्या कपाटांतून हेच कॅमेरे पुन्हा बाहेर काढले आहेत, आणि त्यांतले कितीतरी नेमके याच दुखण्याने आजारी पडतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे भिंग आत-बाहेर होते कसे, ते पाहू. पूर्वी प्रवासात नेण्याचा एक घडीचा पेला मिळत असे. एकात एक बसणाऱ्या कड्यांचा, ओढला की उंच, दाबला की चपटा. कॅमेऱ्याचे भिंग अशाच एकात एक बसणाऱ्या दोनतीन नळ्यांत बसवलेले असते. फरक एवढाच की या नळ्या सरळ ओढल्या जात नाहीत, फिरवून पुढे आणल्या जातात. बाहेरच्या नळीच्या आतल्या अंगाला तिरप्या खाचा कोरलेल्या असतात, बरणीच्या झाकणाला आटे असतात तशा. आतल्या नळीला बाहेरून तीन बारीक खुंट्या असतात, त्या या खाचांत अडकलेल्या. बाहेरची नळी फिरली की खुंट्या खाचेतून चढत जातात आणि आतली नळी पुढे सरकते. हे फिरवण्याचे काम करते एक मोटर, शेंगदाण्यापेक्षा फारशी मोठी नसलेली. तिचा वेग फार आणि जोर कमी. म्हणून मध्ये चारपाच दातेरी चाके घालून वेग कमी करतात आणि जोर वाढवतात. ही चाके बहुधा प्लॅस्टिकची.

आता खरी मौज पुढे आहे. भिंग किती बाहेर आले हे कॅमेऱ्याला कळते कसे? त्याला डोळे आहेत, पण ते बाहेर बघणारे! त्यासाठी मोटरच्या फिरत्या भागावर पंख्यासारखी एक छोटी चकती बसवलेली असते. चकतीच्या एका बाजूला प्रकाश सोडणारा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो टिपणारा ग्राहक. पाती मध्ये आली की प्रकाश अडतो, गेली की पोचतो. अशा किती उघडझापा झाल्या ते आतला संगणक मोजतो आणि त्यावरून भिंग कोठवर आले ते ठरवतो. उघडझापा अपेक्षेप्रमाणे झाल्या नाहीत, तर वाटेत काहीतरी आडवे आले असे तो समजतो. मग मोटर उलटी फिरवून बघतो, पुन्हा सुलटी, आणि तरीही जमले नाही की सूचना देऊन सगळे बंद करतो. कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांत ही सूचना 'ई १८' अशा सांकेतिक अक्षरांत येई. पुढे शब्दांत येऊ लागली. कंपनीगणिक शब्द वेगळे, अर्थ एकच: 'मी ढकलतो आहे, पण ते हलत नाही.' म्हणजे कॅमेरा मेलेला नाही. उलट, स्वतःचे दात मोडू नयेत म्हणून त्याने काम थांबवले आहे. मी बसमध्ये दर वेळी बटण दाबून त्याला तेच दात पुन्हा आपटायला लावत होते.

आता आमच्या वसतिगृहातली गोष्ट. माझ्या खोलीतली मैत्रीण गोकाककडची, घरची भाषा कन्नड, आणि तिचे वडील घड्याळजी. लहानपणापासून दुकानात बसून तिचा हात स्थिर झालेला. मी कॅमेऱ्याचे नळकांडे चिमटीत धरून ओढायला लागले, तशी ती ओरडली, "निधान, निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. त्या दिवशी दोन्ही अर्थ लागू पडले, ते असे.

तिचे म्हणणे पडले, यंत्राला हात लावण्याआधी आतला माल बाहेर काढावा. म्हणून सेल आणि कार्ड दोन्ही काढले. कार्डावर सहलीचे फोटो होते. ते दुसऱ्या यंत्रात घालून उतरवून घेतले. भिंग अडकल्याने कार्डाला काही होत नाही, हे येथे सांगून ठेवते, कारण कॅमेरा बिघडला म्हणजे फोटोही गेले असे समजणारे लोक आहेत. मग कार्ड न घालता नुसते सेल घालून तिने चालू करण्याचे बटण न दाबता फोटो पाहण्याचे बटण दाबून धरले. पुष्कळ कॅमेऱ्यांत असे केले की भिंग बाहेर न काढताच पडदा उजळतो. तसा तो उजळला, आणि त्यावर जे फोटो आले ते मी कधी पाहिलेले नव्हते.

झाले होते असे. या कॅमेऱ्यांत कार्डाखेरीज स्वतःची थोडी स्मृती असते. आठदहा फोटो मावतील एवढीच. कार्ड नसले की फोटो तिच्यात जातात. आणि कार्ड घातलेले असले की त्या आतल्या स्मृतीतले फोटो पडद्यावर दिसत नाहीत. काकांनी कॅमेरा आणला त्या दिवशी कार्ड घ्यायचे राहिले असावे. पहिले नऊ फोटो आत साठले, दुसऱ्या दिवशी कार्ड आले, आणि त्या नऊंचा घरात सर्वांना विसर पडला. त्यांतल्या चार फोटोंत काका स्वतः होते. कॅमेरा मावशीच्या हाती देऊन, हे बटण दाब म्हणून दाखवत असलेले. पुढे कॅमेरा कायम काकांच्याच हातात राहिला, त्यामुळे त्यांचे फोटो आमच्याकडे फारच थोडे आहेत. दुकानदाराच्या सल्ल्याने मी तो टाकून दिला असता तर?

तारेने संगणकाला जोडून ते नऊही फोटो उतरवले. तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे असा जुना कॅमेरा असेल, बिघडलेला असो वा चांगला, तर आज एकदा कार्ड काढून पाहा. मात्र पडद्यावर 'फॉरमॅट' शब्द दिसला तर त्याला हो म्हणू नका. त्याने सगळे पुसले जाते.

आता भिंगाकडे. घड्याळजीच्या मुलीने पहिल्यांदा कॅमेरा कानाला लावला. आवाजावरून अर्धे निदान होते, असे तिचे मत, आणि मला ते पटले. मोटर गुणगुणत फिरते पण नळी हलत नाही, म्हणजे मधले दातेरी चाक निसटले किंवा त्याचे दात गेले. येथे घरगुती इलाज नाही. मुळीच आवाज नाही, म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचत नाही. सेल उतरले असतील किंवा आतली फितीसारखी चपटी तार तुटली असेल. आणि थोडे फिरून 'टर्र-टिक्' करून थांबते, म्हणजे मोटर ठीक, चाके ठीक, वाटेत अडथळा. आमचा तिसरा प्रकार.

तरीही आधी सेल बदलून पाहिले. हा सर्वांत स्वस्त उपाय असल्यामुळे लोक त्याला हसतात, पण त्यामागे पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षात शिकवलेला नियम आहे. आमच्या कॅमेऱ्यात दोन पेन्सिल सेल लागतात. भिंग ढकलताना मोटर एकदम बराच प्रवाह ओढते. समजा तो एक अँपिअर आहे आणि प्रत्येक सेलचा आंतरिक रोध अर्धा ओम आहे. तर दोन सेलांत मिळून एक व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडला. तीनातले दोनच बाहेर आले. भिंग अर्ध्यावर असताना वीज अशी खचली की ते तेथेच थांबते आणि अडथळा आल्याचा भास होतो. भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालणारे साधे स्वस्त सेल कॅमेऱ्यात घालू नयेत ते याचसाठी. घड्याळाला प्रवाह थेंबाथेंबाने लागतो, मोटरला घोटाने. उलट पुन्हा भरता येणाऱ्या निकेल जातीच्या सेलांवर १.२ व्होल्टच लिहिलेले असते, तरी त्यांचा आंतरिक रोध कमी, म्हणून कॅमेऱ्यात ते चांगले चालतात. सेलांची टोके आणि कॅमेऱ्यातल्या पट्ट्या कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या कॅमेऱ्यात त्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड धरलेली असते. सेल काढून थोडा वेळ थांबून घातले म्हणजे आतला संगणकही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तारीख मात्र पुन्हा लावावी लागते.

नव्या सेलांनी आवाज जोरात झाला, पण भिंग हलले नाही. म्हणजे अडथळा खराच होता. आणि तो कसला, हे कळंगुटचा वारा आठवला की सांगायला नको.

येथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती सविस्तर सांगते. वाळू कॅमेऱ्यात शिरते कधी? मला वाटे, भिंग उघडताना. तसे नाही. भिंग बाहेर असते तेव्हा नळीचा बाहेरचा पृष्ठभाग उघडा असतो. वाऱ्याने उडालेले कण त्याच्यावर बसतात. समुद्राच्या हवेत तो किंचित ओलसर असला तर चिकटूनही राहतात. आपण बटण दाबून कॅमेरा बंद करतो, आणि नळी त्या कणांसकट आत ओढली जाते. बारीक वाळूचा कण मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा असू शकतो; दोन नळ्यांमधली फटही जेमतेम तेवढीच. कण त्या फटीत पाचरीसारखा बसतो. म्हणजे खरा घात बंद करताना होतो आणि बिघाड दिसतो पुढच्या वेळी. किनाऱ्यावर कॅमेरा बंद करण्याआधी नळीवर फुंकणीने हवा मारली असती किंवा मऊ कुंचला फिरवला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

मैत्रिणीने घरून घड्याळजीचा रबरी फुगा मागवला. तो दाबला की टोकातून हवेचा झोत येतो. तोंडाने फुंकू नये, कारण वाफ आणि थुंकीचे कण आत जातात. कॅमेरा उपडा, म्हणजे भिंग जमिनीकडे करून, नळीच्या भोवतालच्या फटीत सगळीकडून हवा मारली. उपडा अशासाठी की सुटलेला कण खाली पडावा, आणखी आत जाऊ नये. मग तसाच उपडा धरून कॅमेऱ्याची कड तळहातावर हलकेच आपटली. पांढऱ्या कागदावर चारपाच कण पडलेले दिसले. आम्हाला कोण आनंद झाला! चालू केला, भिंग केसभर पुढे आले आणि पुन्हा थांबले.

मग कागदाची पाळी. वहीच्या कागदाचे तंतू सुटतात, म्हणून जुन्या गुळगुळीत कॅलेंडरची बोटभर रुंद पट्टी कापली. ती दोन नळ्यांमधल्या फटीत दोनतीन मिलिमीटर घालून हळूहळू गोल फिरवत नेली. याहून खोल घालू नये. आत धूळ आणि उजेड अडवण्यासाठी एक नाजूक कडे असते, ते फाटते. एका जागी पट्टी अडली. तेथे ती पुढेमागे केली, पुन्हा हवा मारली, पुन्हा पट्टी. अभ्यास सोडून अशा दोन संध्याकाळी गेल्या. धातूची पिन किंवा ब्लेड वापरण्याचा मोह मला झाला होता. मैत्रिणीने तो होऊ दिला नाही. पिनेने नळीवर ओरखडा पडला की तो ओरखडाच पुढे अडथळा बनतो.

तेल घालू का, असेही मी विचारले होते. शिलाई मशीनला घालतात तसे. तिने कपाळाला हात लावला. नळ्या प्लॅस्टिकच्या, त्यांना तेलाची गरज नाही; आणि तेल पसरत जाऊन भिंगामागच्या झडपेच्या पातळ पात्यांवर पोचले की ती एकमेकींना चिकटतात. मग भिंग हलेल, पण फोटो येणार नाही. बिजागरी सोडवण्याच्या फवाऱ्याची तीच गत.

दुसऱ्या संध्याकाळी बटण दाबले आणि भिंग सुर्रकन पूर्ण बाहेर आले. पण जरा तिरपे. हा सहसा पडलेल्या किंवा पिशवीत चुकून चालू झालेल्या कॅमेऱ्यांत दिसणारा प्रकार. बंद पिशवीत भिंग बाहेर यायला बघते, समोर पुस्तक असते, आणि तीनांपैकी एक खुंटी खाचेतून निसटते. माझ्या बाबतीत अर्थातच बसमधली बटणदाबी कारण असणार. जी बाजू जास्त बाहेर आली आहे, तिच्याजवळची खुंटी सुटलेली समजावी. कॅमेरा भिंग आत घेत असताना त्या बाजूवर अंगठ्याने अगदी हलका दाब दिला तर कधी कधी 'टक्' होऊन खुंटी जागेवर बसते. कधी कधी म्हणते, कारण कधी कधी ती मोडतेही. बाकी सगळे उपाय संपल्यावरच हा करावा, आणि फोटो आधी बाहेर काढलेले असावेत. बंद कॅमेऱ्याची नळी हाताने ओढणे किंवा पिळणे मात्र कधीच करू नये. मोटरच्या दांड्यावर पुष्कळदा मळसूत्रासारखे चाक असते. ते मोटरकडून फिरते, उलट बाजूने फिरत नाही. हाताने जोर केला तर काहीतरी मोडलेच पाहिजे, आणि मोडतात ते प्लॅस्टिकचे दात.

आमच्या अंगठ्याला 'टक्' ऐकू आले नाही. तिरपेपणा थोडा कमी झाला, इतकेच.

यापुढची पायरी म्हणजे स्क्रू काढून कॅमेरा उघडणे. मैत्रीण तयार होती, हत्यारेही होती. पण तिने वडिलांना फोन केला आणि त्यांनी साफ मनाई केली. कारण ऐकून मीही हादरले. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो; करंगळीच्या पेराएवढा. त्यात साधारण ३०० व्होल्टपर्यंत दाब साठवलेला असतो. सेल काढले तरी तो लगेच उतरत नाही. बराच काळ टिकू शकतो. दोन पेन्सिल सेलांच्या कॅमेऱ्यात धक्का बसण्यासारखे काय असणार, असे ज्याला वाटते त्याचे बोट नेमके तेथे पडते. झटका तर बसतोच, आणि दचकून हातातला पेचकस भिंगात जातो तो वेगळा. ज्याला हे काम येते त्याच्याकडेच ते द्यावे. तोही बहुधा नळ्यांचा अख्खा संच बदलतो, आणि तसा संच आता तशाच दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढावा लागतो. ते मिळाले तर ठीक. न मिळाले तर दुकानदाराचे खरे.

सध्या कॅमेरा चालतो. फोटोचा डावीकडचा खालचा कोपरा किंचित अस्पष्ट येतो, कारण भिंग तिरपे असल्याने तेवढा भाग नीट जुळत नाही. माणसे मधोमध उभी केली की ते कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गोकाकला जाऊन मैत्रिणीच्या वडिलांना एकदा दाखवायचा विचार आहे. ते घड्याळजी आहेत, कॅमेरे दुरुस्त करत नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितले आहे. पण "घेऊन ये, बघू या" असेही म्हणाले आहेत.

नऊ फोटोंच्या छापील प्रती मावशीकडे नेल्या, तेव्हा तिरप्या भिंगाची हकीगतही सांगून टाकली. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. एका फोटोत काकांच्या मागे तिने तेव्हा नवीन लावलेला पडदा दिसत होता. त्याचा रंग निळा होता की हिरवा, यावर तिचा आणि आईचा बराच वेळ वाद चालला.